माहिती कामाला केव्हा येते?



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे त्याचे पुस्तकातले नाव मोठे जड आहे. 'व्यवस्थापन माहिती प्रणाली' असे ते नाव. वाणिज्य शाखेच्या मुलांना हा विषय शिकवताना मी पहिल्या तासाला ते फळ्यावर लिहितो, आणि लगेच मागच्या बाकावरची मंडळी खिडकीबाहेर पाहू लागतात. मग मी ते पुसून टाकतो आणि विचारतो, "तुमच्या घरी कापूस वेचणीचा हिशेब कोण ठेवतं?" आता मात्र सगळा वर्ग जागा होतो. कुणाची आई भिंतीवर कोळशाने रेघा ओढते, कुणाचा भाऊ खिशातल्या वहीत लिहितो. कोणत्या बाईने आज किती किलो वेचला, कुणाला उचल किती दिली, बाजाराच्या दिवशी चुकारा किती करायचा, हे सारे त्या रेघांत असते. त्यावरूनच घरधनी ठरवतो, की उद्या वावरात आणखी चार बाया लावायच्या की कापूस घेऊन बंडी जिनावर न्यायची.

बस्, माहिती-व्यवस्था म्हणजे एवढेच. माहिती गोळा करायची, ती नीट नोंदवायची, ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यापर्यंत वेळेवर पोचवायची आणि त्याने त्यावरून निर्णय घ्यायचा. या चार कड्यांपैकी एक जरी निखळली तरी उरलेल्या तीन निकामी होतात. संगणक आला म्हणजे व्यवस्था आली, असे पुष्कळांना वाटते. पण कोळशाच्या रेघांची व्यवस्था उत्तम चालू शकते आणि लाखो रुपयांच्या यंत्रांची ढिम्म बसू शकते. असे का होते, ते आपल्याच वऱ्हाडातल्या उदाहरणांवरून पाहू.

वऱ्हाडाला हा विषय नवा नाही. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला. त्याच वर्षी समुद्राखालच्या तारेने मुंबई सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. तोवर लिव्हरपूलच्या कापसाचा भाव इकडे कळायला जहाजाची वाट पाहावी लागे. आता तो तारेने येऊ लागला. माहितीचा वेग किती वाढला पाहा! पण ती माहिती आली कुणाच्या हाती? ती आली पेढीवरच्या व्यापाऱ्याच्या हाती. बंडी घेऊन आलेल्या कास्तकाराला त्या तारेचा मजकूर कळण्याचा मार्ग नव्हता. त्या काळी देशातल्या अनेक बाजारांत रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवण्याची रीत होती. माल ज्याचा, त्यालाच भाव ठाऊक नाही, असा तो प्रकार. पुढे १८८६ साली आजच्या वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाला नियमबद्ध कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. देशात बाजार समित्यांचा जो पसारा नंतर वाढला त्याची मुळे या भागात आहेत, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे. उघड हर्रास, उघड भाव, तपासलेली वजने यांचा अर्थ माहितीच्या दृष्टीने एवढाच, की जिच्यावर एकाच बाजूचा ताबा होता ती माहिती दोन्ही बाजूंना दिसू लागली. म्हणून कोणत्याही माहिती-व्यवस्थेची पहिली परीक्षा ही: माहिती कुणाच्या हाती जाते?

दुसरी परीक्षा वेळेची. आपली पैसेवारी घ्या. पूर्वी तिला आणेवारी म्हणत. गावचे पीक सर्वसाधारण पिकाच्या मानाने किती आले, हे पैशांत सांगायचे. पन्नास पैशांच्या आत आले तर टंचाईच्या सवलतींचा विचार होतो. आधी नजरअंदाज, मग सुधारित आणि शेवटी डिसेंबरअखेर अंतिम पैसेवारी, असा आपल्या भागातला क्रम. आता विचार करा. सोयाबीन ऑक्टोबरातच निघते. दसरा-दिवाळीची निकड असते, बी-खताची उधारी उभी असते. कास्तकार मिळेल त्या भावाने माल विकून मोकळा होतो. अंतिम आकडा येईतो वावर रिकामे आणि खिसाही रिकामा. आकडा कितीही अचूक असो, निर्णयाची वेळ टळून गेल्यावर आला तर तो फक्त इतिहास सांगतो. हे जाणूनच २०१६ च्या दुष्काळ संहितेने पावसाचा खंड, जमिनीतली ओल, उपग्रहावरून दिसणारी पिकांची हिरवळ अशी मोजमापे पुढे आणली. ती हंगाम चालू असतानाच हाती येतात. पण उपग्रहाला हिरवे दिसते ते पीक आहे की तण, हे गावात येऊन पाहणारा माणूस मात्र लागतोच.

आता तिसरी परीक्षा. ही मला सगळ्यांत मोलाची वाटते आणि तिच्याशी माझ्या घरचाही संबंध आहे. २०१७ च्या जून महिन्यात राज्य सरकारने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज माफ व्हायचे होते. घोषणेच्या वेळी ८९ लाख शेतकरी आणि ३४ हजार कोटी रुपये असा अंदाज सांगितला गेला. शेतकऱ्याने सेवा केंद्रात जाऊन संगणकावर अर्ज भरायचा आणि बँकेने आपली माहिती ६६ रकान्यांत वेगळी भरून द्यायची. मग या दोन्ही माहित्या यंत्राने एकमेकींशी ताडून पाहायच्या, अशी योजना होती. कागदावर किती नेटकी! पण शेतकऱ्याच्या अर्जात नाव एक, बँकेच्या वहीत दुसरे. कुठे बचत खात्याचा क्रमांक कर्जखात्याच्या जागी, तर कुठे एकच आधार क्रमांक अनेकांच्या नावापुढे. जुळले ते हिरव्या यादीत गेले, न जुळलेले पिवळ्या यादीत. आणि पिवळी यादी तालुक्याच्या समितीकडे तपासायला आली. लाभ मिळालेल्यांची संख्या अखेर त्या पहिल्या अंदाजाहून बरीच कमी राहिली.

माझे मोठे काका दर्यापूर तालुक्यातल्या खारपाणपट्ट्यात शेती करतात. त्यांचेही नाव असेच अडकले. चूक त्यांचीच होती. अर्ज भरताना त्यांनी कर्जाच्या पासबुकाऐवजी बचतीचे पासबुक पुढे केले. मला म्हणाले, "माह्यं काय चुकलं बाप्पा? पुस्तकं त दोन्ही एकाच बँकेचे हायेत!" त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांच्या दृष्टीने बँक एक, माणूस एक. मग खाते कोणते, हा प्रश्न त्यांना पडावा तरी कसा? दुरुस्ती व्हायला इतके महिने लागले की मधल्या हंगामात जुने कर्ज उभे म्हणून नवे पीककर्ज मिळेना. काकांनी पेरणीला पैसे आणले ते व्याजाने. तो गुंता सुटला कशाने, हे ऐका. सोसायटीच्या गटसचिवांनी जुने कर्ज-रजिस्टर काढले, काकांना शेजारी बसवले, नावावर बोट ठेवले आणि विचारले, "हे तुमीच ना जी?" काका म्हणाले, "होय." महिनोन्महिने जे काम अडले होते ते त्या एका 'होय'ने झाले.

आता दुसरी योजना पाहा. डिसेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर झाली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेल्या आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेल्या दोन लाखांपर्यंतच्या पीककर्जासाठी ती होती. या वेळी शेतकऱ्याकडून अर्जच मागवला नाही. जे बँकेच्या वहीत आहेच ते शेतकऱ्याला पुन्हा का विचारायचे? बँकांनी खाती कळवली, सरकारने याद्या काढल्या, त्या गावात आणि बँकेत लावल्या. प्रत्येक नावापुढे एक क्रमांक. शेतकऱ्याने तो क्रमांक आणि आधार घेऊन केंद्रात जायचे, पडद्यावरची रक्कम पाहायची, मान्य असेल तर अंगठा लावायचा आणि मान्य नसेल तर तसे सांगायचे. मग तक्रार जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे. शिवाय एकदम साऱ्या राज्यात हात घातला नाही. २४ फेब्रुवारी २०२० ला पहिली यादी निघाली ती फक्त ६८ गावांची. आधी थोड्या गावांत अनुभव घ्यायचा, मग पुढे जायचे.

कोणते सरकार चांगले, हा आपला आजचा विषय नव्हे, आणि दुसऱ्या योजनेतही अडचणी आल्या नाहीत असे नाही. राबून राबून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या म्हाताऱ्यांचे अंगठे यंत्राला ओळखू येईनात; पुढे मार्च महिन्यात टाळेबंदी लागून कामही खोळंबले. पण माहितीच्या व्यवस्थेचा विद्यार्थी म्हणून दोहोंतला फरक मला स्पष्ट दिसतो. पहिल्या व्यवस्थेत एकच माहिती दोन ठिकाणांहून मागवली आणि ती जुळेना. दुसरीत माहिती मुळाशी एकदाच घेतली, आणि ती ज्याच्याविषयी आहे त्यालाच दाखवून 'हे खरे का?' असे विचारले. गटसचिवांनी रजिस्टरावर बोट ठेवून जे केले तेच दुसऱ्या योजनेने आपल्या रचनेत आणले. 'नाही, हे चूक आहे' असे म्हणायला ज्या व्यवस्थेत जागा असते, ती स्वतःला दुरुस्त करू शकते.

आता चौथी गोष्ट, भीतीची. आपल्या अमरावती जिल्ह्यात धारणी आणि चिखलदरा हे मेळघाटाचे तालुके. १९९३ साली तिथल्या बालमृत्यूंची बातमी साऱ्या देशात गेली. पुढे या शतकाच्या आरंभी डॉ. अभय बंग आणि त्यांच्याबरोबरच्या स्वयंसेवी संस्थांनी राज्याच्या निरनिराळ्या भागांत घरोघर जाऊन बालमृत्यू मोजले. 'कोवळी पानगळ' या नावाच्या त्यांच्या अहवालाने दाखवून दिले, की सरकारी नोंदींत जेवढे मृत्यू येतात त्याहून प्रत्यक्षात कितीतरी अधिक बालके दगावतात. सरकारनेही मग डॉ. बंगांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली. श्रोतेहो, नोंद होत नव्हती ती वही नव्हती म्हणून का? वह्या तर ढीगभर होत्या. पण मृत्यूची नोंद करणाऱ्या बिचाऱ्या कर्मचाऱ्यालाच जर 'तुझ्या भागात असे का झाले?' म्हणून बोल लावले जात असतील, तर त्याचा हात अडखळणारच. आकडा कमी दिसला की वरचे खूश, खालचा सुरक्षित. आणि ज्या मुलासाठी हे सारे मांडले ते मात्र कागदावरून नाहीसे. खरे सांगणाऱ्याला शिक्षा आणि गोड सांगणाऱ्याला शाबासकी, असा रिवाज जिथे पडतो तिथे कितीही किमती यंत्र आणा, ते खोटेच अधिक वेगाने वर पोचवील.

पाचवी गोष्ट शिक्षक बंधुभगिनींसाठी. त्यांना ती मी सांगायची गरजच नाही, ते रोज भोगतात. विद्यार्थ्यांची माहिती, पोषण आहाराची माहिती, गणवेशाची माहिती, शाळेच्या खोल्यांची माहिती. २०१५ साली 'सरल' प्रणाली आली तेव्हा अपेक्षा अशी होती, की एकदा भरले की पुन्हा भरावे लागू नये. कल्पना उत्तम. पण एक तक्ता वर गेला की दुसरा नमुना खाली येतो, आणि त्यातले निम्मे रकाने पहिल्यातलेच असतात, असे शिक्षक सांगतात. माझ्या ओळखीचे एक गुरुजी एकदा मला म्हणाले, "सर, दहा वर्षं माहिती वर पाठवली. पण माझ्या शाळेविषयी वरून मला काय कळलं म्हणाल, तर काहीच नाही." यात फार मोठे मर्म आहे. माहिती देणाऱ्याला त्या माहितीतून काहीतरी परत मिळाले पाहिजे. पाचवीतली कोणती मुले दिवाळीनंतर गळतात, कोणत्या महिन्यात आई-वडील कामासाठी बाहेरगावी जातात आणि हजेरी घसरते, हे त्याच आकड्यांतून काढून गुरुजींच्या हाती दिले, तर तेच गुरुजी तो तक्ता मन लावून भरतील. नाहीतर तो भरायचा म्हणून भरला जातो. आणि असा भरलेला तक्ता हा रिकाम्या तक्त्यापेक्षा घातक, कारण त्याच्यावर विश्वास ठेवून कुणीतरी निर्णय घेतो.

रसेल अॅकॉफ नावाच्या अमेरिकन विद्वानाने १९६७ सालीच एका लेखात हे मांडले होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की व्यवस्थापक अडतो तो माहिती कमी म्हणून नव्हे, तर बिनकामाची माहिती फार म्हणून. दुसरे असे, की तो जी माहिती मागतो तीच त्याला हवी असते असेही नाही. आपण निर्णय कसा घेतो हे त्यालाच उमगलेले नसेल, तर तो भीतीपोटी सारेच मागून ठेवतो. एका जिनिंग संस्थेत मी हे डोळ्यांनी पाहिले. संगणकावरून रोज पंधरा-वीस पानांचा अहवाल छापून निघे. मी व्यवस्थापकांना विचारले, "यातले आपण काय पाहता?" ते हसले आणि जुन्या मुनीमजींना हाक मारली. मुनीमजींनी बंडीच्या खिशातून वीतभर वही काढली. तिच्यात चारच ओळी: आज कापूस किती आला, रुई किती निघाली, सरकी किती विकली, कुणाचा चुकारा बाकी. संस्था त्या चार ओळींवर चालत होती आणि पंधरा पाने कपाटात जात होती. संगणक वाईट नव्हता, बरं का. पण त्याला ज्यांनी माहिती मागायला शिकवले त्यांनी मुनीमजींना कधी विचारलेच नव्हते.

शेवटी एक अलीकडचे उदाहरण. आपल्या गावचे पटवारी, म्हणजे तलाठी, ज्यांना २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, त्यांच्या दप्तरात एकवीस गाव नमुने असतात. त्यांतला बारावा नमुना पिकांचा. पूर्वी पटवाऱ्याने धुऱ्यावर जाऊन पीक पाहावे आणि लिहावे अशी रीत होती. पण अनेक गावे एकाच्या गळ्यात, मग कुठे कुठे चावडीत बसूनच बारावा भरला जाई. वावरात तूर आणि सातबाऱ्यावर सोयाबीन, असा प्रकार आपण पुष्कळांनी अनुभवला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. आता कास्तकाराने स्वतः वावरात उभे राहून मोबाइलवर पिकाचे छायाचित्र काढून नोंद करायची. ज्याचे पीक त्याच्याच हाताने नोंद, ही दिशा निश्चितच बरोबर आहे. पण वावरात नेटवर्क नाही, घरात साधा फोन, मुलगा पुण्याला कामाला, तर एकट्या म्हाताऱ्याने काय करायचे? म्हणून पुढे गावपातळीवर सहायक नेमण्याची सोय करावी लागली. व्यवस्था आखताना सर्वांत दुबळ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवावे, एवढाच यातला धडा.

तर श्रोतेहो, आता तुम्ही म्हणाल, की हे सारे अधिकाऱ्यांनी ऐकावे. आम्ही काय करायचे? आपल्याही हाती एक जुने साधन आहे. २०१७ साली सातबारा संगणकावर आणताना गावोगाव चावडी वाचन झाले. उतारे लोकांपुढे मोठ्याने वाचायचे आणि ज्याचे चुकले असेल त्याने तिथेच सांगायचे. नावातली वेलांटी, क्षेत्रातला आर, गेलेल्या माणसाच्या नावाचा वारस, अशा चुका कचेरीत बसून सापडत नाहीत. त्या शेजाऱ्याच्या तोंडून सापडतात. हीच रीत आपण पुढे चालवली पाहिजे. कर्जाची यादी असो, विम्याची असो, घरकुलाची असो, ती नुसती फलकावर डकवून भागत नाही, कारण वाचता न येणारे अजून आपल्यात आहेत. ग्रामसभेत ती मोठ्याने वाचायला सांगा. शिक्षकांनी वरच्या वर्गातल्या मुलांना आपल्या घरचा सातबारा आणि पासबुक वाचायला शिकवावे. बचतीचे खाते कोणते, कर्जाचे कोणते, हे आजोबांना त्या मुलानेच दाखवावे. हिशेबाचा याहून चांगला धडा मला तरी सुचत नाही.

माझे काका आता दोन्ही पासबुके वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवतात. कर्जाच्या पिशवीला त्यांनी लाल दोरा बांधला आहे. गेल्या पोळ्याला घरी गेलो तेव्हा मला दाखवून म्हणाले, "हे पाह्य, आता नाही चुकत." मी हसलो, पण मनात आले, त्या एका लाल दोऱ्यापायी काकांना एका हंगामाचे व्याज भरावे लागले. तो दोरा आधीच कुणी बांधून दिला असता तर!